दुभाष्या रुसतो तेव्हा

आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत वांकिडी हे गाव लागते. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. सीमेपलीकडचा राजुरा तालुकाही एके काळी आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्याकडे आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याकडे आला. नकाशावरील रेषा अशा हलत राहिल्या, माणसे मात्र आपापल्या जागी राहिली. म्हणून या टापूत मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात, आणि ज्याला तिन्ही येतात तो माणूस सर्वांच्याच उपयोगी पडतो. घरी जुळवलेल्या संगणकाच्या पोटातही असाच एक दुभाष्या वसत असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पडदा एकाएकी काळा पडला म्हणजे ‘कार्ड गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पुष्कळदा कार्ड धडधाकट असते आणि दुभाष्या तेवढा रुसलेला असतो.

तयार विकत घेतलेल्या संगणकाचे सर्व भाग एकमेकांशी जुळतात की नाही हे कारखान्यात तपासलेले असते. घरी जुळवलेल्या यंत्राचे तसे नाही. मदरबोर्ड एका दुकानातून आलेला, ग्राफिक्स कार्ड कोणीतरी वापरून काढून टाकलेले, डबा तिसऱ्याच यंत्राचा. पैसा जमेल तसतसा संसार उभा राहिलेला. ग्राफिक्स कार्डाला विंडोज ठाऊक नसते, लिनक्सही ठाऊक नसते. त्याला केवळ आपल्या चिपच्या आज्ञा समजतात. ‘या ठिकाणी खिडकी काढ’ असे प्रणालीने म्हटले की ते कार्डाच्या भाषेत उतरवून सांगणे हे ड्रायव्हरचे काम होय.

अडचण येते ती प्रणालीच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याने हात काढून घेतल्यावर. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. त्यामुळे कोणी आडवाटेने विंडोज ११ बसवतात, कोणी लिनक्सकडे वळतात. ॲपलची प्रणाली साध्या संगणकावर चालवण्याचा नाद असलेलेही काही आहेत; परंतु ॲपलचा परवानाच त्याला मनाई करतो, आणि इंटेलच्या यंत्रांवर चालणारी तिची शेवटची आवृत्ती २०२५ साली निघाल्यामुळे ती वाट आता मिटत चालली आहे.

काळ्या पडद्याचा तपास केबलपासून सुरू करावा. हे सांगणे पोरकट वाटेल, पण मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात खुपसलेली असणे हा प्रकार जाणत्यांच्याही हातून घडतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्याला स्वतःची चित्रशक्ती नसते, त्यामुळे मदरबोर्डाच्या त्या भोकातून काहीच बाहेर येत नाही. केबल योग्य जागी असेल तर वीज बंद करून, तार उपसून, कार्ड व मेमरीच्या पट्ट्या काढाव्यात, त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसावीत आणि पुन्हा घट्ट बसवाव्यात. धुळीच्या गावी एवढ्यानेच पुष्कळ यंत्रे जागी होतात.

याने भागले नाही तर पुढचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे: पडदा नेमका केव्हा काळा होतो? बटण दाबताच मदरबोर्डाच्या कंपनीचे चिन्ह उमटले, प्रणाली सुरू होत असल्याची अक्षरेही दिसली आणि मग काळोख झाला, तर निम्मा तपास तिथेच संपतो. ते चिन्ह मदरबोर्डातील मूळ आज्ञावली कार्डाकडून अगदी प्राथमिक रीतीने काढून घेते. तेथे ड्रायव्हरची गरज लागत नाही. म्हणजे कार्ड, केबल, मॉनिटर तिन्ही शाबूत आहेत आणि बिघाड झाला तो ड्रायव्हरने सूत्रे हाती घेतली त्या क्षणी. उलट, त्या चिन्हावरच रेघोट्या वा ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही; दुखणे यंत्राच्या अंगातच आहे.

दुभाष्यावर संशय पक्का झाला की त्याला काही वेळ बाजूला बसवावे. विंडोजमध्ये यासाठी ‘सेफ मोड’ आहे. लिनक्समध्ये सुरुवातीच्या यादीत आज्ञेच्या ओळीअखेर ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला की प्रणाली त्याच प्राथमिक चित्रावर भागवते. अक्षरे मोठी व ओबडधोबड दिसतात, चित्रपट अडखळतो. पण पडदा दिसतो, आणि दिसल्यावाचून दुरुस्ती होत नाही. हा शब्द म्हणजे औषध नव्हे, कंदील आहे. काम झाल्यावर तो काढून टाकावा.

यानंतर योग्य ड्रायव्हर निवडायचा, आणि येथे नाव फसवते. एनव्हिडियाचे ‘जीटी ७३०’ हे कार्ड स्वस्त म्हणून भारतात घरोघरी पोचले. परंतु या एकाच नावाखाली दोन निराळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या, एक फर्मी आणि दुसरी केप्लर. फर्मीला ड्रायव्हरची ३९० क्रमांकाची शाखा लागते, केप्लरला ४७० ची. पहिलीची देखभाल २०२२ अखेर संपली, दुसरीची २०२४ मध्ये. खोक्यावरचे नाव पाहून ड्रायव्हर घालणारा मनुष्य दिवसभर डोके आपटत बसतो. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली असता चिपचे खरे नाव दिसते: ‘जीएफ’ने आरंभ होणारे ते फर्मी, ‘जीके’ने होणारे ते केप्लर. ही एक ओळ आधी वाचली तर शहरातील दुकानाची एक खेप वाचते.

कंपनीचा ड्रायव्हर लिनक्सच्या प्रत्येक नव्या गाभ्यासाठी नव्याने घडवावा लागतो. जुनी शाखा नव्या गाभ्याशी जुळली नाही की रात्री अद्ययावत केलेला संगणक सकाळी काळा दिसतो आणि घरात एकमेकांवर आळ येतो. अशा वेळी सुरुवातीच्या यादीतून कालचाच गाभा निवडावा. तो सहसा जपून ठेवलेला असतो. रोजच्या लेखन-वाचनापुरते काम असेल तर ‘नूवो’ हा लिनक्सबरोबर येणारा खुला ड्रायव्हरच बरा. तो कार्डाला बहुधा मंद चालीने हाकतो, पण पत्र लिहिण्यासाठी घोडदौड कशाला हवी? मात्र काहीही केले तरी एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपावा. तीन बदल एकदम करून पडदा उजळला तर कशाने उजळला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक तक्रार या भागात कार्डाच्या माथी मारली जाण्याचा संभव आहे. पडदा स्वच्छ, चित्रे ठीक, पण अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन! आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते सापडली आणि २०१८ साली ती लिपी युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत दाखल झाली. त्यापूर्वीच्या प्रणालीला ही अक्षरे ओळखीची नसतात, म्हणून ती चौकोन काढून मोकळी होते. येथे ड्रायव्हरला हातही लावू नये. नोटो मालिकेतील मोफत गुंजाळा गोंडी फाँट बसवावा. जोडाक्षरे तरीही विस्कटली तर प्रणाली नवी घ्यावी. सीमेवरच्या घरी जुन्या यंत्रावर नवी प्रणाली घालण्याचा खटाटोप करावा असे हे सर्वांत सबळ कारण म्हणता येईल. नातवाच्या संगणकावर आजीची भाषा तिच्या स्वतःच्या लिपीत उमटते की चौकोनांत, एवढा प्रश्न त्यात अडकलेला असतो.

देखभाल थांबलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत; तिच्यात पुढे सापडणारी छिद्रे कोणी बुजवत नाही. आणि सर्व उपाय करूनही सुरुवातीच्या चिन्हावरच्या रेघोट्या गेल्या नाहीत, तर कार्ड खरोखरच संपले असे समजावे. ते काढून ठेवावे. प्रोसेसरला स्वतःची चित्रशक्ती असेल, तर ज्या मदरबोर्डाच्या भोकात केबल चुकून गेली होती तेथेच ती आता जाणूनबुजून लावावी आणि बटण दाबावे.