उजळणीची वेळ ठरवणारी कार्डं

शब्द विसरायच्या बेतात असतानाच त्याची उजळणी झाली, तर तो पक्का बसतो. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२मध्ये आपल्या जर्मन पुस्तकात त्यासाठी प्रश्नोत्तरांच्या कार्डांची कप्प्यांची पेटी सुचवली: आठवलेलं कार्ड पुढच्या, उशिरा उजळायच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. पोलंडच्या पिओटर वोझ्नियाक यांनी १९८७मध्ये उजळणीची वेळ ठरवण्याचं काम संगणकाकडे सोपवलं. त्यांच्या सूत्रात पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, मग दर वेळी अंतर साधारण अडीच पट. २००६मध्ये आलेलं ‘अंकी’ हे कार्डांचं ॲप याच सूत्रावर उभं राहिलं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे.

खरी मेहनत कार्ड बनवण्यात आहे आणि ती विद्यार्थ्यानेच करावी. जर्मन शिकत असाल तर नुसतं ‘फेन्स्टर’ (खिडकी) लिहू नका, लिंग दाखवणाऱ्या ‘डास’सकट ‘डास फेन्स्टर’ लिहा. आपली खिडकी स्त्रीलिंगी, जर्मनांची नपुंसकलिंगी. लिंग मागाहून पाठ करायला गेलात तर हमखास गोंधळ होतो. सोबत एखादं छोटं वाक्य आणि उच्चाराचं ध्वनिमुद्रण जोडा. उत्तर मोठ्याने म्हणा, मगच कार्ड उलटा. सुरुवातीला रोज दहा नवे शब्द पुरेत. जास्त घेतले की थोड्याच दिवसांत उजळण्या साचतात आणि मुलं कंटाळून ॲप बंद करतात.