ऐंशीच्या दशकातील गाणी : ध्वनिफितींतील एक ठेव

गेल्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या म्हैसूर येथील शाखेत एक ज्येष्ठ निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी आले होते. मूळचे बेळगावचे असल्यामुळे संभाषण मराठीतच झाले. ते म्हणाले, "घरी जुन्या कॅसेटींचा खोका आहे. मुले म्हणतात, टाकून द्या. पण त्यांतल्या एका कॅसेटवर इंग्रजी गाणी संपल्यावर माझ्या आईचा आवाज आहे." प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच.

म्हैसूरचे ध्वनिप्रसारणाशी नाते जुने आहे. प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली येथे आपल्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्याच केंद्राने रूढ केले. परंतु नभोवाणी जे ऐकवील तेच श्रोत्याला ऐकावे लागे. आवडीचे गाणे सवडीने ऐकण्याची सोय सामान्य घरांत आणली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली प्रथम आणली. आपल्याकडे तिचा खरा प्रसार ऐंशीच्या दशकात झाला.

त्या दशकाचा आरंभच एका अविस्मरणीय गीताने झाला. 'कुर्बानी' (१९८०) चित्रपटातील 'आप जैसा कोई' हे गीत नाझिया हसन हिने अवघ्या पंधराव्या वर्षी गायिले. संगीतकार बिड्डू हे बंगळूरचे. लंडनला जाऊन त्यांनी पॉप संगीतात नाव मिळविले होते. १९८१ साली याच जोडीचा 'डिस्को दीवाने' हा संग्रह आला, तर १९८२ साली मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने जग जिंकले.

या गाण्यांचा नाद वेगळा का वाटतो, याचे उत्तर वाद्यांत आहे. १९८३ साली यामाहाचा 'डीएक्स-७' हा सिंथेसायझर आला. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये परस्परांना जोडणारी 'मिडी' पद्धतीही आली. घंटेसारखे किणकिणणारे सूर आणि यंत्राने दिलेला अचूक ठेका ही त्या काळाची ओळख ठरली. मोठ्या वाद्यवृंदाचे काम थोड्या माणसांकडून होऊ लागले.

कॅसेटमुळे तर गाणे स्वतः प्रकाशित करणेही शक्य झाले. गोव्यातील शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' हा संग्रह घरीच ध्वनिमुद्रित केला. गायन आणि वादन त्यांचेच; विक्रीसाठी कॅसेटी घेऊन ते स्वतः स्कूटरवरून फिरत. अल्प भांडवलावरील स्वयंरोजगाराचे हे बोलके उदाहरण होय.

आता या ठेवीच्या सुरक्षिततेविषयी. कॅसेटमधील फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा पातळ थर असतो व त्यातच ध्वनी साठविलेला असतो. उष्णता, दमट हवा आणि लोहचुंबक हे तिचे शत्रू. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. कॅसेटच्या मागील कडेवरील प्लॅस्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या तोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण होणार नाही.

२. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी.

३. टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ करून तो योग्य वायरने संगणकाला जोडावा व फीत वाजवीत ध्वनिमुद्रण करावे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतात, याला दुसरा मार्ग नाही.

४. तयार झालेल्या नोंदीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

त्या ग्राहकांनी एका रविवारी खोका उघडला. पहिलीच कॅसेट यंत्रात गुंतून तुटली. आईचा आवाज असलेली मात्र शेवटपर्यंत वाजली. गाणे संपल्यावर क्षणभर खरखर झाली आणि मग 'जेवायला चला रे' एवढेच शब्द ऐकू आले. ते आता त्यांच्या नातवंडांच्या मोबाईलमध्येही आहेत.

मुदत ठेवीची मुदत संपत आली की बँक ग्राहकाला कळविते. ध्वनिफितींतील ठेवीची मुदत केव्हा संपेल, हे मात्र कोणी कळवीत नाही. वाचकहो, आपल्या घरातील खोका आजच उघडून पाहावा.