स्वर्ग, वैकुंठ आणि दरबार : मराठी ख्रिस्ती साहित्यातील स्वर्गाची ओढ

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास करताना 'स्वर्ग' या शब्दापाशी एक मूलभूत अडचण उभी राहते. शब्द परिचित आहे, आणि या परिचयातूनच गैरसमज निर्माण होतो. भारतीय परंपरेत स्वर्ग हे अंतिम साध्य नाही. पुण्याचा साठा संपला की तेथून मृत्युलोकी परतावे लागते, असे भगवद्गीतेचा नववा अध्याय सांगतो. त्यावरील निरूपणात ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी, १२९०) स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याचीही गणना पापातच केली आहे. तुकारामांनी तर नामस्मरण आणि संतसंग यांसाठी मुक्तीही दूर सारून पुन्हा जन्म घेण्याची तयारी दर्शविली. अशा संस्कारात वाढलेल्या वाचकाला ख्रिस्ती भक्ताची स्वर्गाची ओढ ही परलोकातील सुखाची हाव किंवा संसारातून काढलेली पळवाट वाटण्याचा संभव असतो. हा गैरसमज दूर करण्यासाठी मराठी ख्रिस्ती लेखकांनी कोणती परिभाषा घडविली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. ख्रिस्ती विचारात जग हे मिथ्या नाही आणि मुळात वाईटही नाही. ते ईश्वराने निर्माण केलेले, चांगले, परंतु पापामुळे भंगलेले आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने अवघी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे रूपक योजिले आहे. हे कण्हणे मरणोन्मुखाचे नसून नव्या जन्माची वाट पाहणाऱ्याचे आहे. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर जात नाहीत. पवित्र नगरीच स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 'स्वर्गाचे राज्य' या संज्ञेतही स्थळापेक्षा ईश्वरी सत्तेचा अर्थ प्रधान आहे. म्हणजेच ख्रिस्ती स्वर्गाची ओढ ही भोगाची नव्हे, तर सहवासाची आणि सृष्टीच्या पुनर्घटनेची ओढ आहे.

या ओढीला मराठीत काव्यरूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) आढळतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टी प्रांतात दीर्घकाळ कार्य केले. तेथील देवालये १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट धर्मप्रसारक मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांचे प्राण घेतले. 'भंगलेले जग' हा शब्दप्रयोग या श्रोत्यांच्या बाबतीत केवळ धर्मशास्त्रीय नव्हता. त्यांचे पूर्वीचे भावविश्व प्रत्यक्षात मोडले होते, आणि ते मोडण्यात स्टीफन्सच्या धर्माची पाठराखण करणाऱ्या सत्तेचा हात होता. जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काही द्यावे, या नवख्रिस्ती श्रोत्यांच्या मागणीचा निर्देश ग्रंथारंभीच येतो. स्टीफन्सने ओवी हा छंद स्वीकारला आणि ईश्वराच्या धामासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला. ही निवड मार्मिक आहे. स्वर्गातून परतावे लागते. वैकुंठातून परतणे नाही. शाश्वत सान्निध्याचा ख्रिस्ती आशय त्यामुळे अधिक नेमका व्यक्त होतो. मात्र त्याबरोबर विष्णूची संपूर्ण स्मृतीही काव्यात येते. श्रोत्यांकडून जे हिरावले गेले, त्याच्याच शब्दांत त्यांना आशा देण्यात आली. 'क्रिस्तपुराणा'तील सौंदर्य आणि अस्वस्थता यांचे मूळ येथे सापडते.

एकोणिसाव्या शतकात या ओढीला प्रवासाचे रूप मिळाले. जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' (१६७८) या रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. यात्रा ही मराठी मनाला जवळची. पंढरीच्या वारीचा संदर्भ वाचकाच्या मनात सहज जागा होतो. तथापि दोन्हींतील भेद महत्त्वाचा आहे. वारकरी विठ्ठलाचे दर्शन घेऊन घरी, आपल्या शेताकडे परततो. बन्यनचा यात्रिक नाशनगरी कायमची सोडतो, बायकामुलांच्या हाकांकडे कान बंद करून धावतो आणि मृत्यूची नदी ओलांडल्यावरच त्याचा मार्ग संपतो. धर्मांतरामुळे घरदार दुरावलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे रूपक किती जवळचे वाटले असेल, याची कल्पना करता येते. परंतु घराकडे पाठ फिरविणारी ही ओढ पळवाटेच्या आक्षेपाला निमंत्रणही देते. बन्यनने १६८४ मध्ये दुसरा भाग लिहून बायकामुलांनाही त्याच वाटेवर आणले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

या आक्षेपाला मराठीत कृतीने दिलेली दोन उत्तरे विशेष उल्लेखनीय आहेत. १८९६–९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे आश्रय दिला. या कार्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला त्यांनी 'मुक्ती' हे नाव दिले. जन्ममरणातून सुटका सुचविणारा शब्द अन्न, निवारा आणि शिक्षण यांच्याशी जोडला गेला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त अभिप्रेत होते. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या टिळकांच्या या कल्पनेत संतपरंपरेचा ठसा उघड आहे. दरबारासाठी मरणाची वाट पाहावी लागत नाही. राजा जेथे, तेथे तो भरतो. स्वर्ग येथे अंतराने मोजला जात नाही, सान्निध्याने मोजला जातो.

वैकुंठ, यात्रा, मुक्ती आणि दरबार या चार संज्ञा एकाच भावनेची चार नावे नाहीत. प्रत्येकीने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा निर्माण केला. वैकुंठाने शाश्वती दिली, परंतु उसन्या स्मृतीसह. यात्रेने धैर्य दिले, परंतु घर मागे टाकून. मुक्ती आणि दरबार यांनी ही ओढ पृथ्वीवर आणली. मात्र मृत्यूपलीकडील आशा त्यामुळे फिकी होण्याचा धोका संभवतो. टिळकांचा स्नेहभाव १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने थांबला आणि दरबाराची कल्पना संस्था म्हणून स्थिरावली नाही. हेही या ताणाचेच निदर्शक मानता येईल. ख्रिस्ती साहित्याचे अध्यापन करताना 'स्वर्ग' हा शब्द गृहीत धरून पुढे न जाता, संबंधित कृतीत तो कोणाच्या कोणत्या दुःखापुढे उभा आहे, हे तपासणे आवश्यक आहे. ही ओढ जगाला नाकारते की त्याच्या दुरुस्तीची वाट पाहते, याचा निर्णय त्या तपासणीतूनच होऊ शकेल.