नसलेल्या हाताचा नकाशा

अपघातात हात गमावलेल्या बहुतेकांना तो हात नंतरही जागेवर असल्याचे जाणवते. अनेकांचा तो दुखतोही. मूठ घट्ट आवळली आहे, नखे तळव्यात रुतताहेत आणि काही केल्या ती उघडत नाही, असे रुग्ण सांगतात. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात या वेदनेचा माग काढला.

साधन होते कापूस गुंडाळलेली काडी. डोळे बांधलेल्या एका तरुणाच्या गालाला काडी टेकवताच त्याला गालाबरोबर नसलेल्या अंगठ्यालाही स्पर्श जाणवला. वरच्या ओठाला लावली, तर तर्जनीला. मेंदूच्या पृष्ठभागावर स्पर्शाचा एक पट्टा असतो. त्यात हाताच्या शेजारी चेहऱ्याची जागा आहे, हे मॉन्ट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी पूर्वीच दाखवले होते. हाताचे संदेश थांबले की चेहऱ्याचे संदेश त्या जागेत शिरतात, असे रामचंद्रन यांनी मांडले. अलीकडच्या मेंदूप्रतिमांत मात्र हाताचा मूळ नकाशा बराचसा शाबूत दिसतो, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

आवळलेल्या मुठीवरचा त्यांचा उपाय विलक्षण साधा होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात मधोमध उभा आरसा बसवायचा आणि रुग्णाने धडधाकट हात आत घालून त्याचे प्रतिबिंब पाहत मूठ उघडायची. नसलेला हातच हलतोय असे डोळ्यांना दिसते आणि काहींची मूठ खरोखर सैल होते. सगळ्यांना गुण येतो असे नाही, पण अर्धांगवायूनंतरच्या व्यायामांतही आता ही पद्धत वापरतात. महागड्या यंत्रांआधी रुग्णाचे बोलणे नीट ऐकावे, ही त्यांची शिकवण या खोक्यातून जितकी कळते तितकी क्वचितच दुसऱ्या कशातून कळेल.

रामचंद्रन मूळचे तमिळनाडूचे. मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, केंब्रिजला पीएचडी केली आणि १९८३ मध्ये सॅन दिएगोला रुजू झाले. बीबीसीची २००३ची रीथ व्याख्याने त्यांनी दिली. २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

प्रयोगशाळेबाहेर त्यांना भारतीय शिल्पकलेची आणि जीवाश्मांची ओढ. त्यांनी विकत घेतलेल्या एका कवटीवरून २००९ मध्ये चिलखती डायनोसॉरची नवी प्रजाती ‘मिनोटॉरासॉरस रामचंद्रनी’ नोंदवली गेली. कवटी कुठे सापडली याची कागदपत्रे नव्हती. ती गोबी वाळवंटातली असावी असा अंदाज होता. काही जीवाश्मतज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला आणि तो रास्त होता, कारण सापडल्याची जागा ठाऊक नसेल तर कवटी कोणत्या खडकातली, किती जुनी, हे खात्रीने ठरवता येत नाही.