पंचवीस वर्षं जुनी असेल, तरच!
परमुलखातली गाडी : लेखांक ४

निस्सान स्कायलाइन जीटी-आर या गाडीचं ‘आर-३४’ हे मॉडेल जपानमध्ये जानेवारी १९९९ मध्ये विक्रीला आलं. पुढे ‘टू फास्ट टू फ्यूरियस’ चित्रपटात ते झळकलं आणि अमेरिकेतल्या पोराटोरांच्या तोंडी त्याचं नाव बसलं. कंपनीने मात्र ही गाडी अमेरिकेत कधी विकली नाही. कुणी जपानहून आणायची म्हटली तर कायदा आडवा यायचा. जानेवारी २०२४ उजाडला आणि सगळ्यात आधी बनलेल्या आर-३४ गाड्या राजरोसपणे अमेरिकी बंदरांत उतरू लागल्या. मधल्या काळात गाडीत काही सुधारणा झाली होती का? अजिबात नाही. उलट ती झिजली, क्वचित गंजलीही. नवी असताना जी असुरक्षित म्हणून नको होती, ती म्हातारी झाल्यावर चालू लागली.

मागच्या लेखांकात जपानमधले लिलाव पाहिले. तिथे सुटलेली गाडी अमेरिकेत नेताना काय होतं, ते आज पाहू. हा नियम वेडगळ वाटतो, पण त्याला इतिहास आहे आणि तो बराचसा दुकानदारीचा आहे.

अमेरिकेने १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा केंद्रीय कायदा केला. त्यात पट्टे, दिवे, काचा, टक्कर झाल्यावर आतल्या माणसाचं काय होईल, अशा गोष्टींची मानकं ठरत गेली. तिथली पद्धत जरा निराळी आहे. सरकार प्रत्येक मॉडेल आधी तपासून मंजूर करत नाही. ‘आमची गाडी मानकांत बसते’ असं उत्पादक स्वतः जाहीर करतो आणि तशी पट्टी दरवाजापाशी चिकटवतो. जपान किंवा जर्मनीच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर ही पट्टी नसते. ती गाडी तितकीच मजबूत असेल, किंबहुना जास्तही असेल, पण कागदोपत्री ती मानकांबाहेरची ठरते.

१९८० च्या दशकात डॉलर वधारला आणि जर्मन मार्क स्वस्त पडू लागला. मर्सिडीज जर्मनीत विकत घ्यायची, जहाजाने आणायची, एखाद्या गॅरेजमध्ये दारांत पोलादी पट्ट्या आणि धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून घ्यायचा. एवढं करूनही ती अमेरिकी शोरूमपेक्षा स्वस्त पडायची. शिवाय अमेरिकेत न विकली जाणारी तगडी मॉडेल्स मिळायची, ते वेगळंच. काही गॅरेजं काम चोख करत, काही नुसतं कागदावर. मर्सिडीजची अमेरिकी शाखा आणि तिचे डीलर या धंद्यावर चिडले आणि त्यांनी संसदेत जोर लावला. १९८८ मध्ये नवा कायदा झाला, १९९० पासून तो लागू झाला. सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं, हे मान्य. पण फाटकी गॅरेजं बंद करायला सगळा दरवाजाच लावून घेण्याची गरज नव्हती.

या कायद्याने सामान्य माणसाच्या हातातून आयात काढून घेतली. मानकांबाहेरची गाडी आता फक्त सरकारदरबारी नोंदलेला आयातदार आणू शकतो. तीही केव्हा, तर ‘हे मॉडेल मानकांप्रमाणे बदलता येण्याजोगं आहे’ असा निर्णय महामार्ग सुरक्षा खात्याने दिला असेल तेव्हा. गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचं बंधपत्र भरायचं आणि १२० दिवसांत बदल पूर्ण करून दाखवायचे. नाही जमलं तर गाडी परत पाठवायची किंवा मोडीत काढायची. एखाद्या नव्या मॉडेलसाठी बदल सिद्ध करायचे तर प्रत्यक्ष टक्कर-चाचण्या कराव्या लागू शकतात, म्हणजे गाड्या फोडाव्या लागतात. एका गाडीच्या हौसेपायी हे कोण करणार?

संग्राहकांसाठी मात्र कायद्याने एक खिडकी ठेवली : बनून पंचवीस वर्षं झालेली गाडी सुरक्षा मानकांतून मुक्त. इतकी जुनी गाडी आणून कुणी डीलरचं गिऱ्हाईक पळवणार नाही, हा त्यामागचा उघड हिशेब.

धनाढ्यांची गोष्ट अर्थातच वेगळी. बिल गेट्स यांनी पोर्शे ९५९ घेतली, पण अमेरिकी कस्टम्सने ती वर्षानुवर्षं अडकवून ठेवली. पोर्शे कंपनी चाचणीत फोडायला गाड्या देईना. शेवटी १९९८ मध्ये कायद्यात ‘प्रदर्शनापुरती’ अशी सवलत घुसली. तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची, थोड्याच संख्येने बनलेली गाडी आणता येते; रस्त्यावर वर्षाला अडीच हजार मैल, म्हणजे साधारण चार हजार किलोमीटर फिरवता येते. आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल अशी ही वाट नव्हे.

आता पंचवीस वर्षं मोजायची कशी? इथे पुष्कळ जण फसतात. मॉडेलचं वर्ष धरायचं नाही, गाडी प्रत्यक्ष कोणत्या महिन्यात बनली ते धरायचं. ऑगस्ट २००१ मध्ये बनलेली गाडी ऑगस्ट २०२६ च्या आधी बंदरात उतरली तर ती अडकलीच. जपानी गाड्यांच्या पाटीवर बहुतेक वेळा बनल्याची तारीख नसतेच. मग पहिल्या विक्रीचं बिल किंवा इतक्या वर्षांपूर्वी नोंदणी झाल्याचा कागद पुढे करावा लागतो. म्हणून लिलावातून घेतानाच जपानचा निर्यात दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर मागून घ्यावं.

धुराचं खातं वेगळं, त्याचा आकडाही वेगळा. पर्यावरण खात्याला एकवीस वर्षं पुरतात, पण इंजिन मूळचंच किंवा त्याच तोडीचं हवं. हौशी मालकाने दुसरंच दणकट इंजिन बसवलं असेल तर सुरक्षा खातं सोडेल आणि पर्यावरण खातं धरेल. सुरक्षेसाठी एचएस-७ आणि धुरासाठी ३५२०-१ असे दोन अर्ज बंदरावर द्यावे लागतात. आणि हो, गाडीच्या पोटाला माती चिकटलेली असता कामा नये. परदेशी मातीतून कीड येईल या भीतीने कृषी खातं डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. निघण्यापूर्वी वाफेने धुऊन घेतलेली बरी.

शुल्काची गंमत आणखी निराळी. मोटारीवर मूळ दर अडीच टक्के, पण मालवाहू ट्रकवर तब्बल पंचवीस. हा दर आला कोंबड्यांमुळे! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्स, पश्चिम जर्मनी वगैरे देशांनी अमेरिकी कोंबडीवर कर वाढवला. त्याचा सूड म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६३ च्या अखेरीस परदेशी ट्रकवर कर बसवला. कोंबड्यांचं भांडण कधीच मिटलं, ट्रकवरचा कर राहिला. सुझुकी कॅरीसारखा चिमुकला ट्रकही त्यातून सुटत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मोटारींवर आणखी पंचवीस टक्के लादले गेले तेव्हा पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या त्यातून वगळल्या होत्या. त्यानंतर मात्र शुल्काची उलथापालथ चालूच आहे. जहाजात गाडी चढवण्याआधी कस्टम्स दलालाकडून त्या दिवसाचा दर लेखी घ्यावा.

समजा हे सगळं पार पडलं, कस्टम्सचा शिक्का बसला. तरी गाडी रस्त्यावर आली असं समजू नका. आयात केंद्राच्या हाती, नंबरप्लेट राज्याच्या हाती. केंद्राने आत घेतलेल्या गाडीला राज्याने नंबर दिलाच पाहिजे, असं बंधन नाही. खरी पंचाईत इथेच होते.

जपानी ‘केई’ ट्रकचं उदाहरण घ्या. ६६० सीसीचं इंजिन, लांबी साडेतीन मीटरच्या आत, पण मागचा हौदा ऐसपैस. शेतकऱ्यांना, माळीकाम करणाऱ्यांना तो फार आवडला. राज्यांच्या परिवहन अधिकाऱ्यांच्या संघटनेने मात्र असे ट्रक रस्त्यावर नकोत, अशी शिफारस केली. मेन आणि ऱ्होड आयलंडने दार लावलं. मॅसॅच्युसेट्सने २०२४ च्या उन्हाळ्यापूर्वी नोंदणी थांबवली आणि मालकांनी आरडाओरडा केल्यावर त्याच वर्षी निर्णय फिरवला. टेक्ससने त्याच वर्षी नोंदणी खुली केली. ट्रक तोच, देश तोच. राज्याची सीमा ओलांडली की तो कायदेशीर किंवा बेकायदा. शिफारस करणाऱ्यांचं म्हणणं सुरक्षेचं होतं, पण त्याच राज्यांत १९२० च्या दशकातली फोर्ड मॉडेल-टी आणि मोटारसायकली बिनबोभाट धावतात, त्याचं उत्तर कुणी देत नाही.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा सर्वांत कडक. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. त्यानंतरची परदेशी बनावटीची गाडी असेल तर प्रयोगशाळेतून चाचणी करून आणावी लागते, आणि तो खर्च कधीकधी गाडीच्या किमतीला भिडतो. बाकीच्या राज्यांतही छोट्या अडचणी असतातच. अमेरिकेत १९८१ पासून गाडीचा ओळख क्रमांक सतरा अक्षरांचा असतो, जपानी चेसिस नंबर त्याहून आखूड. खिडकीमागच्या कारकुनाचा संगणक तो घेतच नाही. मग वरच्या साहेबाला बोलवा, पुन्हा या. ही दृश्यं आपल्या आरटीओची सवय असलेल्यांना अनोळखी वाटणार नाहीत.

वयात खाडाखोड करण्याचा मोह टाळावा. २०१४ मध्ये केंद्रीय अधिकाऱ्यांनी देशभरातून सुमारे चाळीस लँड रोव्हर डिफेंडर मालकांच्या दारातून उचलून नेल्या. वय आणि क्रमांक बनावट असल्याचा संशय होता. पुढे बऱ्याच गाड्या परत मिळाल्या, पण तोवर मालक वकिलांच्या दारात हेलपाटे घालत होते. बनाव दलालाने केला असला तरी जप्ती होते ती तुमच्या गाडीची.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी भारताचा नियम शेजारी ठेवून पाहावा. अमेरिका म्हणते पंचवीस वर्षांहून जुनी आणा. भारत म्हणतो, वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि ती उतरेल फक्त मुंबई बंदरात. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली १९९५ ची प्रीमियर पद्मिनी केंद्राच्या नियमाने न्यू जर्सीत उतरू शकते. स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणून तिथे कुणी अडवत नाही. पण न्यू जर्सीत घेतलेली कालपरवाची होंडा, स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे, परत येताना घरच्या सामानासोबत आणता येत नाही. ती तिथेच विकून या. अमेरिकेत केवळ पाहुणा म्हणून जाणाऱ्याला आपली गाडी वर्षभरापुरती नेता येते, पण ती तिथे विकता येत नाही आणि मुदतीत परत न्यावीच लागते.

गाडीचे पैसे भरण्याआधी एक काम करा : ज्या राज्यात ती राहणार आहे, तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर कळवून नोंदणी होईल का, हे लेखी विचारा. फोनवरच्या होकाराला खिडकीवर किंमत नसते.

(पुढील आठवड्यात : न्यूझीलंड आणि जहाजातून आलेले ढेकूण)