हात लावण्यास मुभा असलेले प्रदर्शन

कलादालनात पाऊल ठेवताच लहान मुलाच्या कानी पहिली सूचना पडते ती ‘हात लावू नका’ ही. सूचना रास्तच आहे. तळहाताच्या घामाने धातूवर डाग पडतात, कागद व रंग खराब होतात. परंतु चार-पाच वर्षांच्या बालकास वस्तूची ओळख पटते ती हाताळूनच. या अडचणीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. इटालियन कलावंत ब्रुनो मुनारी यांनी १९७७ साली मिलान येथील ब्रेरा कलादालनात मुलांची कार्यशाळा भरविली. चित्राचा अर्थ समजावून देण्यापेक्षा ते कशाने व कसे घडते याचा अनुभव मुलांनी स्वहस्ते घ्यावा, अशी त्यांची पद्धत होती.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचे संग्रहालय आहे. त्यापूर्वी, २०१५ साली, या संस्थेने बसगाडीतून फिरते संग्रहालयही सुरू केले. उपनगरांच्या दृष्टीने या दुसऱ्या उपक्रमाचे मोल अधिक वाटते.

भाईंदर पूर्वेतील जेसल पार्कचेच उदाहरण घ्यावे. खाडीकाठच्या या वसाहतीतून चर्चगेटला जाण्यास लोकलने तासाहून अधिक वेळ लागतो. आठवडाभर याच गाडीने कामावर जाणाऱ्या पालकांनी रविवारीही मुलांना घेऊन तोच प्रवास करावा, ही अपेक्षा जरा जास्तच होय! येथील मुलांच्या वाट्याला कला येते ती बहुधा शाळेच्या तासाला, चित्रकला स्पर्धेत किंवा एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांच्या निमित्ताने. या परीक्षांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तेथे प्रत्येक रेषेला गुण असतात आणि खेळाला गुण देता येत नाहीत. शिवाय स्पर्धेत आईवडील दाराबाहेर थांबतात.

असे प्रदर्शन शाळेच्या सभागृहात किंवा पावसाळा सरल्यावर चौपाटीलगतच्या मोकळ्या जागेतही भरविता येईल. त्यास मोठा खर्च लागत नाही. भिजविलेली शाडूची माती, जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याची खोकी, खळ, गेरू, तांदळाचे पीठ व बांबूच्या काड्या एवढ्या साहित्यावर बरेच काही होते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी वारली चित्रे ही तर शेजारच्याच डहाणू-तलासरी परिसराची देणगी आहे. लग्नघरी ती काढण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. मुलाने त्रिकोण, वर्तुळ व रेषा स्वतः काढून पाहिल्या, म्हणजे दोन त्रिकोण टोकाशी जुळले की माणूस उभा राहतो हे त्यास सांगावे लागत नाही.

खरी कसोटी मोठ्यांची असते. मुलाने हत्ती निळा केला की तो करडा करण्यासाठी आईचा हात पुढे सरसावतो. म्हणून पालकांना वेगळी माती द्यावी व त्यांनाही खाली बसवावे. दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपल्याकडे हेच घडत आले आहे. वडील दगड आणून देतात, आजी हळीव पेरण्यास सुचविते, बुरूज कोठे उभारायचा हे मात्र मुले ठरवितात. आणि येणारा-जाणारा थांबून किल्ला पाहतो.

मांडणीत काही पथ्ये पाळावीत. बैठक जमिनीवर असावी, चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत. पाच वर्षांखालील मुलांना टोकदार काड्या देऊ नयेत. हात धुण्याची सोय जवळच हवी. बक्षिसे ठेवू नयेत. संध्याकाळी ज्यांना आपली वस्तू घरी न्यावयाची असेल त्यांना ती न्यू द्यावी. उरलेली माती बादलीत भिजत घातली की दुसऱ्या दिवशीच्या मुलांसाठी ती पुन्हा तयार होते.