जुनी एअर रायफल घेताय? आधी तिची ओळख पटवून घ्या

मुलगी शाळेच्या शिबिरात पहिल्यांदा नेमबाजी करते आणि घरी येऊन जाहीर करते, "मला हेच खेळायचंय!" पहिले काही महिने क्लबची रायफल पुरते. मग प्रशिक्षक सुचवतात, आता स्वतःची घ्या. स्पर्धेसाठीच्या नव्या परदेशी रायफलची किंमत लाखांत असते. ती ऐकली की आई-बाबांची नजर आपोआप सेकंडहँड बाजाराकडे वळते.

तिथे हमखास एक वाक्य कानावर पडतं, "जर्मन आहे, डोळे झाकून घ्या." मॉडेल कोणतं, किती साली बनली, सुटे भाग मिळतात का, याचं उत्तर मात्र कुणाकडे नसतं. कधी नाव पुसट झालेलं असतं, तर कधी दस्ता बदललेला असतो.

अशी अनोळखी रायफल घ्यायची तर डोळे झाकून नाही, चांगले उघडे ठेवूनच घ्यायला हवी. ओळख चुकली तर पैसे वाया जातातच, पण कधी कायद्याचा आणि कधी थेट जिवाचा प्रश्न उभा राहतो.

हात लावण्याआधी

कुठलीही रायफल भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड माणसांपासून दूर, सुरक्षित दिशेला हवं आणि बोट ट्रिगरपासून लांब. ती रिकामी असल्याची खात्री विक्रेत्याला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. मुलं सोबत असतील तर हा नियम त्यांच्यासाठीही पहिला धडा ठरेल.

ही नक्की एअर रायफलच आहे ना?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण सुरुवात इथूनच करायची. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात. तिथे पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची रायफल लागते. लांबून या दोन्ही रायफली बहिणी-बहिणी वाटतात. तोच उंच दस्ता, तीच गोल पीप साइट.

नळीवर '४.५ मिमी' किंवा '.१७७' असेल तर ती एअर रायफल. '.२२ एल.आर.' किंवा जर्मन पद्धतीने 'एल.एफ.बी.' कोरलेलं असेल तर ती बंदूक आहे आणि तिला शस्त्र परवाना लागतो. जर्मनीतल्या उल्म शहरात तपासलेल्या बंदुकीवर हरणाच्या शिंगाचा छोटा शिक्का असतो आणि जवळ दोन अक्षरं. ती अक्षरं म्हणजे वर्ष. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं मोजत आय म्हणजे ८. मधला जे वगळून के म्हणजे ९. म्हणजे 'एच ई' असेल तर ७४, अर्थात १९७४. परवाना नसेल तर अशा रायफलीचा व्यवहार तिथेच थांबवा, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.

एअर रायफलबाबत आपल्याकडची मर्यादा ४.५ मिमी नळी आणि २० ज्यूल ऊर्जा अशी आहे. त्याच्या आत परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेची रायफल साधारण ७.५ ज्यूलच्या आसपास असते. अनेक जर्मन एअर रायफलींवर पंचकोनात 'एफ' हे अक्षर दिसतं, ते याच ७.५ ज्यूल मर्यादेचं चिन्ह. ही पद्धत १९७० नंतरची. म्हणजे एवढ्याशा पंचकोनातून ताकदही कळते आणि वयाचा अंदाजही येतो.

हवा येते कुठून?

नाव वाचण्याआधी यंत्रणा बघा. स्पर्धेच्या एअर रायफली ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार स्प्रिंगचा. बाजूचा लिव्हर ओढला की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. फाइनवेर्कबाउ ३०० एस ही या प्रकारातली गाजलेली रायफल. ती झाडली की दस्त्यावरचा सगळा वरचा भाग किंचित मागे सरकतो. नवख्याला वाटतं, काहीतरी ढिलं झालंय! खरं तर धक्का खांद्यापर्यंत पोचू नये म्हणून केलेली ती रचना आहे.

दुसरा प्रकार एका पंपाचा. लिव्हर एकदा उघडून मिटला की एका गोळीपुरती हवा दाबून साठते. वॉल्थर एलजीआर आणि फाइनवेर्कबाउची ६०० मालिका या गटातल्या. लिव्हर मिटताना जोर लागतो, त्यामुळे लहान मुलांना तो जड जाऊ शकतो.

तिसरा प्रकार सिलिंडरचा. नळीखाली हवेची लांब टाकी असते. फाइनवेर्कबाउ पी ७०, वॉल्थर एलजी ३००, अँशुट्झ ८००२ या अशा रायफली. आजच्या मोठ्या स्पर्धांमध्ये हाच प्रकार दिसतो.

नुसत्या नावावर का विसंबू नये याचं एक उदाहरण. 'अँशुट्झ २००२' एका पंपाचीही मिळते आणि सिलिंडरचीही. आकडा तोच, रायफली दोन. फोनवर "२००२ आहे" एवढंच ऐकून ॲडव्हान्स पाठवलात, तर घरी भलतीच यायची.

नळीवरचा पत्ता

कंपनीचं नाव पुसलं असेल तरी गावाचं नाव बरंच सांगून जातं. ओबर्नडोर्फ असेल तर फाइनवेर्कबाउची शक्यता मोठी. उल्म असेल तर वॉल्थर किंवा अँशुट्झ. राश्टाट असेल तर डायना. 'वेस्ट जर्मनी' असं कोरलेलं असेल तर ती १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक होण्याआधीच्या काळातली.

मग अनुक्रमांक शोधा. त्याचा आणि रायफलीच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून कंपनीला ईमेल करा. मॉडेल आणि वर्ष पक्कं करण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग. दस्त्यावर मात्र भरवसा ठेवू नका. तो सहज बदलता येतो. जुन्या यंत्रणेवर नवा चकचकीत ॲल्युमिनियमचा दस्ता चढवला की रायफल वीस वर्षांनी तरुण दिसते!

सिलिंडरची तारीख सोडू नका

या सगळ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या जवळपास ९० पट. असा सिलिंडर मुलीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

म्हणून सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बऱ्याच उत्पादकांनी वापराची मुदत १० वर्षं ठरवली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसारही मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मुदत संपली असेल तर "अजून गळत नाही" हे उत्तर चालणार नाही. नव्या सिलिंडरची किंमत विचारा, ती रायफलीच्या किमतीत मिळवा आणि मग स्वस्त की महाग ते ठरवा. त्या मॉडेलचा सिलिंडर आता मिळतच नसेल, तर ती रायफल फक्त शोभेची.

आणखी एक धोका. वॉल्थर सीजी ९० किंवा फाइनवेर्कबाउ सी ६० यांसारख्या जुन्या रायफली कार्बन डायऑक्साइडवर चालतात. त्यांचाही सिलिंडर नळीखालीच असतो. त्यात दाबलेली हवा कधीही भरायची नाही. तो त्या दाबासाठी बनलेलाच नसतो.

पैसे देण्याआधी

क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकांसमोर चाचणी घ्या. रायफल टेकवून १० मीटरवरून, एकाच प्रकारच्या छर्ऱ्यांनी, एकाच ठिकाणी १० नेम. चांगल्या रायफलीचे छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. या खेळात निशाण्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ध्यानात घेतलं की एवढा काटेकोरपणा का हवा ते कळतं.

लिव्हरच्या रायफलीत आतलं सील विचारा. डायना ७५ सारख्या काही जुन्या मॉडेलांची सील नुसती कपाटात पडूनही भुगा होतात. वजन बघा. नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारा वर्षांच्या मुलीला ते पेलायला हवं. मुलगी डावखुरी असेल तर दस्ता तसाच हवा. शेवटी अनुक्रमांकासह लेखी पावती घ्या.

मॉडेल पक्कं कळलं, सिलिंडर मुदतीत निघाला आणि कागदावरची भोकं एकमेकांना चिकटली, तर रायफल तीस वर्षांची असली तरी बिचकू नका. चांगली सांभाळलेली जुनी रायफल शिकणाऱ्या मुलीला कित्येक वर्षं पुरते. पण विक्रेता अनुक्रमांकाचा फोटो काढू देत नसेल, तर नमस्कार करून घरी या.